दुभाषी, संकलक आणि याद : एका संगणकीय सूचीच्या निमित्तानें

चौल-रेवदंड्याच्या बाजूच्या एका जुन्या घराण्याचें दप्तर गेल्या वर्षीं आमच्या पाहण्यांत आलें. रुमाल सहा, त्यांपैकीं दोन कसरीनें चाळणी केलेले, बाकीचे कोंकणच्या दमट हवेच्या मानानें बरे राहिलेले. दप्तराबरोबर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता व त्यांत सवापांच इंची आठ फ्लॉपी चकत्या होत्या. दप्तराचे मालक आतां हयात नाहींत. त्यांनीं १९८९ ते १९९२ च्या सुमारास आपल्या कागदांची सूची संगणकावर केली होती आणि तिच्या छापील प्रती त्या वेळीं पांचसात अभ्यासकांस दिल्या होत्या. एक प्रत आमच्याजवळही आहे व तिचा उपयोग आम्हीं केलेला आहे. त्याचा परिणाम काय झाला तें पुढें ओघानें येईल.

आठांपैकीं तीन चकत्यांस बुरशी लागली होती. पांच वाचतां आल्या. त्यांवर सूचीच्या नोंदींची एक फाईल, सूची छापणारा एक प्रोग्राम आणि दोन ओळींची एक क्षुल्लक फाईल, एवढाच ऐवज निघाला. नोंदींची फाईल डीबीएफ या सर्वपरिचित घाटाची असल्यामुळें ती उघडण्यास अडचण पडली नाहीं. आंतील मराठी मजकूर प्रथम पाहतां निव्वळ चिन्हांचा उकिरडा दिसला. परंतु तो जिस्ट पद्धतीचा आहे हें ध्यानांत येतांच देवनागरींत उतरवितां आला. (जिस्टचा जन्म कानपूरच्या आयआयटींत झाला व पुढें पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें तें वाढविलें. संगणकांत एक जास्तीचें कार्ड बसवून देवनागरी उमटविण्याची ही युक्ति त्या काळीं पुष्कळांच्या उपयोगीं पडली.) प्रत्येक कागदाला एक ओळ, तींत रुमालाचा अंक, चंद्र, महिना, सुहूर सन, दोन ओळींचा सारांश, आणि 'प्रकार' या सदराखालीं १ पासून १४ पर्यंतचा एखादा आंकडा. इसवी सन कोठेंच नाहीं. छापील प्रतींत मात्र प्रत्येक कागदापुढें महजर, निवाडपत्र, कबुलायत, वतनपत्र असें नांव आहे आणि इसवी सनही आहे. म्हणजे हीं दोन्ही प्रोग्रामानें घातलीं. तेव्हां तो प्रोग्राम काय करीत होता हें वाचतां आल्याखेरीज सूचीचें प्रामाण्य ठरत नव्हतें. आणि प्रोग्राम तर ईएक्सई स्वरूपाचा, यंत्रानें चालविण्याचा, मनुष्यानें वाचण्याचा नव्हे.

संगणकाच्या धंद्यांत वाढलेल्या आमच्या दोन स्नेह्यांनीं दोन मतें दिलीं. एक म्हणाले, 'हें डीबेसचें काम दिसतें. डीबेस ही इंटरप्रिटरची भाषा. तिचा प्रोग्राम साध्या अक्षरांत असल्याखेरीज चालतच नाहीं. तेव्हां मूळ लेख कोठें तरी असलाच पाहिजे. आपण घर धुंडाळावें.' दुसरे म्हणाले, 'ईएक्सई म्हणजे कंपायलरमधून निघालेली यंत्रभाषा. मूळ गेलें तें गेलें, आशा सोडा.' पहिल्या मतावर विश्वासून आम्हीं दोन महिने माळे आणि फडताळें शोधलीं, व दुसऱ्या मतावर विश्वासून नंतर दोन महिने स्वस्थ बसलों. दोन्ही मतें चुकीचीं ठरलीं. तीं कशीं चुकलीं हें सांगावयाचें तर कंपायलर, इंटरप्रिटर आणि स्क्रिप्ट या तीन शब्दांचा थोडा खोलांत जाऊन विचार करणें प्राप्त आहे. असे डबे यापुढें कागदपत्रें जमविणाऱ्या सर्वांच्याच वांट्यास येणार, म्हणून तो येथें विस्तारानें करितों.

याच किनाऱ्यावरून एकदां एक वकिलात गेली होती तेथून आरंभ करूं. इ. स. १६७४ च्या मे महिन्यांत मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन चौलास उतरला व अष्टमी, निजामपूर यांवरून पाचाडास जाऊन रायगड चढला. त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता. ६ जून रोजीं राज्याभिषेकाच्या दरबारांत गर्दींतून महाराजांची दृष्टि जावी म्हणून नजर करावयाची हिऱ्याची आंगठी नारायण शेणव्यानें वर धरली, आणि मग इंग्रजांस सिंहासनाजवळ बोलावणें झालें, हा प्रसंग वाचकांच्या परिचयाचा आहे. त्या वकिलातींत एका भाषेंतील मजकूर दुसरींत नेण्याच्या दोन निराळ्या रीति दिसतात. दरबारांत दुभाषी एक वाक्य ऐकतो व तेथल्या तेथें तें पोंचवितो. तो उठून गेला कीं बोलणें खुंटलें. तहाचीं कलमें मात्र एकदां दुसऱ्या भाषेंत उतरून, वाचून, शिक्के होऊन हातीं पडलीं म्हणजे दुभाष्याची गरज संपली. कागद स्वतःच बोलतो. पहिली रीति ती इंटरप्रिटरची. दुसरी रीति ती, ज्यास आज कंपायलर म्हणतात त्याची. संगणकाला अंकांवांचून दुसरी भाषा कळत नाहीं. मनुष्यानें लिहिलेला मजकूर त्या अंकांत कोणीं तरी न्यावाच लागतो. तो ओळीओळीनें चालत्या कामांत न्यावयाचा, कीं आधींच सगळा उतरून ठेवावयाचा, एवढाच मूळचा भेद.

आतां खुद्द 'कंपायलर' शब्दाची गंमत पाहा. तो संगणकशास्त्रांत रूढ केला तो ग्रेस हॉपर या अमेरिकन विदुषीनें, आणि १९५२ सालच्या तिच्या ए-० या प्रोग्रामाचें काम भाषांतराचें नव्हतेंच म्हटलें तरी चालेल. वरचेवर लागणाऱ्या गणितांचे तयार तुकडे फितीवर क्रमांक घालून ठेवलेले असत. लेखकानें फक्त क्रमांक द्यावयाचे, आणि यंत्रानें ते तुकडे फितीवरून शोधून, एकापुढें एक जोडून पुरा प्रोग्राम सिद्ध करावयाचा. म्हणजे आपण ज्यास संकलक म्हणतों, विखुरलेलीं पत्रें जमवून ग्रंथ बांधणारा, तोच हा. पुढें १९५७ सालीं जॉन बॅकस व त्याचे सहकारी यांचें फोर्ट्रान आयबीएम ७०४ या यंत्रासाठीं बाहेर पडलें. त्यांत बीजगणितासारखीं सूत्रें घेऊन त्यांची यंत्रभाषा करणें हें खरें भाषांतराचें काम होतें. पण नांव कंपायलर हेंच राहिलें. मराठींत कंपायलरला 'संकलक' हा प्रतिशब्द पडला आहे. तो हॉपरबाईंच्या कामास तंतोतंत लागू पडतो आणि आजच्या कंपायलरास मुळींच पडत नाहीं. असें शब्दांच्या बाबतींत नेहमींच होतें. पेशवा हा शब्दही बाळाजी विश्वनाथाच्या आधीं व नंतर एकाच अर्थाचा राहिला नाहीं.

कंपायलरहून हलका एक प्रकार आहे, त्यास असेंब्लर म्हणतात. त्याची कल्पना येण्यास रायगडावरचेंच उदाहरण पुरे. रघुनाथ पंडितांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या राज्यव्यवहारकोशांत दहा वर्ग करून दरबारी व्यवहारांतील फारसी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत. शब्दास शब्द, कमी नाहीं, जास्त नाहीं. असेंब्लर असेंच कोष्टक घेऊन बसतो. लेखकानें बेरजेचें एक सांकेतिक अक्षर लिहिलें कीं तो त्या जागीं यंत्राचा एक अंक लिहितो. अशा कोष्टकाचा गुण हा कीं तें उलटें वाचतां येतें: अमात्य पाहिला कीं मागें मुजुमदार होता हें कळतें. उलट, पुऱ्या वाक्याचें भाषांतर झालें म्हणजे मूळ वाक्य काय असावें याचा केवळ तर्क करावा लागतो. फोर्ट्रानसारख्या कंपायलरमधून निघालेल्या यंत्रभाषेवरून मूळ लेख जसाच्या तसा हातीं लागत नाहीं. लेखकानें दिलेलीं नांवें गेलेलीं असतात, त्याच्या टीपा तर पहिल्याच फेरींत गळून पडतात.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. घोटाळा होतो तो पुढें, आणि तोही फार लवकर झाला. १९५८ च्या सुमारास जॉन मॅकार्थी यानें लिस्प नांवाची भाषा योजिली. तिच्या वाक्यांचा अर्थ कसा लावावा याचा एक नियम त्यानें तात्त्विक चर्चेसाठीं कागदावर लिहून दाखविला होता. स्टीव्ह रसेल या त्याच्या सहाय्यकानें तो नियम हातानें यंत्रभाषेंत उतरविला, आणि मॅकार्थीच्या ध्यानीमनीं नसतां लिस्पला दुभाषी मिळाला. पाहा, हा दुभाषी स्वतः एक पुरें झालेलें लेखी भाषांतर होता. १९६२ सालीं टिम हार्ट व माइक लेव्हिन यांनीं लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येंच लिहिला. तो प्रथम चालविला दुभाष्यानें, आणि त्या अवस्थेंत त्यानें स्वतःचेंच भाषांतर करून घेतलें! त्यानंतर दुभाष्यास रजा दिली तरी चालणार होतें. अमुक भाषा दुभाष्याची आणि अमुक भाषांतरकाराची, असा भेद या ठिकाणीं कोठें करावा?

बेसिक या भाषेचें उदाहरण याहून बोलकें आहे, कारण ती आपल्याकडे शाळाशाळांतून गेली. केमेनी व कर्ट्झ या दोन अध्यापकांनीं अमेरिकेंतील डार्टमथ येथें १ मे १९६४ रोजीं ती प्रथम चालविली. तेव्हां ती कंपायलरनें चालत असे. विद्यार्थ्यानें प्रोग्राम दिला कीं सबंध प्रोग्रामाची यंत्रभाषा होऊन मग उत्तर येई. १९७५ सालीं आल्टेर नांवाच्या अगदीं चिमुकल्या यंत्रासाठीं मायक्रोसॉफ्टनें तीच भाषा आणली, ती दुभाष्याच्या रूपानें. त्या यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतींत दुसरी तजवीज बसण्यासारखी नव्हती. आपल्याकडे १९८४-८५ पासून क्लास योजनेंत शाळांस बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, त्यांतही बेसिकचा दुभाषीच होता. यावरून बेसिक म्हणजे इंटरप्रिटरची भाषा असा सार्वत्रिक समज झाला. वस्तुतः भाषा एकच. चालविण्याच्या रीति दोन. मोडी पत्र चिटणीसानें दरबारांत वाचून दाखविलें काय किंवा बाळबोधींत उतरून धाडलें काय, त्यावरून पत्र कोणत्या जातीचें आहे हें ठरत नाहीं.

त्यांतही मायक्रोसॉफ्टचा तो दुभाषी अगदीं शुद्ध दुभाषी नव्हता. लेखकानें आज्ञेचा शब्द लिहिला कीं तो सबंध शब्द न सांठवितां त्याच्या जागीं एकाक्षरी खूण ठेवी. मोडी लेखक 'राजश्री' न लिहितां 'रा।' लिहीत आणि चंद्राच्या जागीं 'छ' टाकीत, तोच हा प्रकार. त्यामुळें बेसिकची जुनी फाईल साध्या अक्षरांची म्हणून उघडावी तर ती अर्धीअधिक वाचतां येत नाहीं. थोडें भाषांतर आधींच होऊन गेलेलें असतें. संग्राहकानें अशी फाईल पाहून 'खराब झाली' म्हणून टाकून देऊं नये, एवढें येथें सांगून ठेवितों.

आतां आमच्या डब्याकडे वळूं. डीबेस ही १९८० नंतरच्या दशकांत आपल्याकडील कचेऱ्यांतून, पेढ्यांतून आणि हौशी सूचीकारांच्या घरांतून फार चाललेली भाषा. ती दुभाष्यानें चाले हें पहिल्या स्नेह्यांचें म्हणणें खरें आहे. परंतु प्रोग्राम दुसऱ्यास द्यावयाचा तर त्याच्याकडेही डीबेस असावें लागे आणि मूळ लेखही त्याच्या हातीं जाई. ही अडचण दूर करण्यास १९८५ सालीं क्लिपर नांवाचा कंपायलर निघाला. डीबेसच्या भाषेंत लिहिलेला प्रोग्राम त्याला दिला कीं ईएक्सई तयार. मूळ लेख जवळ बाळगण्याचें कारण राहत नसे. म्हणजे पहिल्या स्नेह्यांची चूक ही, कीं त्यांनीं भाषेवरून रीत ठरविली.

दुसऱ्या स्नेह्यांची चूक अधिक सूक्ष्म आहे. क्लिपरच्या ईएक्सईंत जें असतें तें बहुतांशीं यंत्रभाषा नसतेंच. क्लिपर मूळ लेखाचें भाषांतर करितो खरें, पण तें यंत्राच्या भाषेंत नव्हे, तर स्वतःच कल्पिलेल्या एका मधल्या भाषेंत, ज्यास पी-कोड म्हणतात; आणि ती मधली भाषा वाचणारा एक लहानसा दुभाषीही त्याच ईएक्सईंत बांधून देतो. तहाचा कागद आणि तो वाचून दाखविणारा शेणवी या दोघांस एकाच पेटींत बसवून पाठवावें, तसें हें झालें. मग यास कंपायलर म्हणावें कीं इंटरप्रिटर? बाहेरून पाहणाऱ्यास तो कंपायलर दिसतो, आंतून पाहणाऱ्यास इंटरप्रिटर. विकणाऱ्यानें त्यास कंपायलर म्हटलें, कारण तो शब्द अधिक भारदस्त होता.

ही मधल्या भाषेची युक्ति एकट्या क्लिपरची नव्हे. १९९५ सालीं आलेली जावा भाषा सबंध याच पायावर उभी आहे. आज अतिशय लोकप्रिय असलेली पायथॉन दुभाष्याची म्हणून ओळखली जाते, पण तीही आधीं गुपचूप मधल्या भाषेंत उतरते व मग चालते. संकेतस्थळांवरील जावास्क्रिप्टचा प्रवास याहून विचित्र. ती १९९५ सालीं जन्मली तेव्हां दुभाष्यानें चाले. २००८ सालीं गूगलच्या व्ही-८ नें तिचें चालतां चालतांच यंत्रभाषेंत रूपांतर करण्याची पद्धत घातली. दुभाष्यानें तींच तींच वाक्यें वारंवार ऐकून शेवटीं त्यांचें भाषांतर टिपणवहींत उतरून ठेवावें व पुढील खेपेस वहींतून वाचावें, अशी ही रीत आहे. यंत्राच्या पोटांत शिरावें तर तेथेंही तोच न्याय. मॉरिस विल्क्स यानें १९५१ सालीं अशी योजना मांडली कीं, यंत्रभाषेची प्रत्येक आज्ञा ही देखील आंतल्या अधिक बारीक आज्ञांच्या सांखळीनें पार पाडावी. पुढें पुष्कळ यंत्रें त्या धर्तीवर झालीं. म्हणजे ज्यास आपण शेवटची भाषा समजतों तिच्याही खालीं एक दुभाषी बसलेला असूं शकतो.

राहतां राहिला तिसरा शब्द, स्क्रिप्ट. आमच्या वाचकांस हा शब्द ऐकतांच लिपि आठवेल, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. यूनिकोडांत २०१४ सालीं मोडीस जागा मिळाली तीही इंग्रजींत 'स्क्रिप्ट' म्हणूनच. येथें मात्र अर्थ निराळा. कोणतें काम आधीं व कोणतें नंतर करावयाचें याची संगणकास दिलेली जंत्री ती स्क्रिप्ट: अमुक प्रोग्राम उघड, मग तमुक चालव, मग निकाल अमक्या ठिकाणीं ठेव. आपल्या दप्तरांतील 'याद' हा तिला जवळचा शब्द. याद स्वतः कांहीं निवाडा करीत नाहीं. ज्यांनीं कामें करावयाचीं त्यांस ती क्रमानें हांक मारिते. परंतु यादींतही अटी येऊं लागल्या, 'अमुक आलें नसल्यास तमुक करावें' असें आलें, कीं तिचा हुकूम होतो. आणि स्क्रिप्टेंतही तेंच होतें. याद केव्हां संपली व प्रोग्राम केव्हां सुरू झाला हें सांगणारी रेघ आम्हांस तरी कोठें आढळली नाहीं. पुष्कळांच्या बोलण्यांत स्क्रिप्ट हा शब्द केवळ कमीपणा दाखविण्यास येतो: लहान, घाईंत लिहिलेला, टाकाऊ प्रोग्राम. बखर आणि कैफियत यांच्या प्रतिष्ठेंत जसा भेद मानितात तसाच हा. आणि प्रतिष्ठेवरून काय जपावें हें ठरविणाऱ्यांनीं आपल्याकडे किती यादी वाण्याच्या पुड्यांस दिल्या हें सांगावयास नकोच.

आमच्या डब्यांतील ती दोन ओळींची क्षुल्लक फाईल अशी यादच होती. चार महिने आम्हीं तिच्याकडे पाहिलेंही नाहीं. एका तरुण स्नेह्यानें ती सहज उघडली. पहिल्या ओळींत क्लिपरला नांव घेऊन हांक होती व दुसरींत तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामाला. ईएक्सई कोणत्या टांकसाळींतून निघाला हें त्या दोन ओळींनीं सांगितलें, आणि तेथून सर्व गांठ सुटली. क्लिपर म्हटलें कीं पी-कोड, आणि पी-कोड म्हटलें कीं तो बराचसा उलटवितां येतो. क्लिपरच्या काळांतच तसे उलटविणारे प्रोग्राम निघाले होते. शिवाय, क्लिपर आपल्या ईएक्सईंत बऱ्याच नांवांची यादी जपून ठेवितो, ती दहा अक्षरांपर्यंत कां होईना. त्यामुळें त्या तरुणानें आठवड्याभरांत जो लेख आमच्यापुढें ठेविला त्यांत सूचीकारानें स्वतः योजिलेलीं नांवें शाबूत होतीं. टीपा मात्र गेल्या त्या गेल्याच.

त्या लेखांत १ ते १४ या आंकड्यांचा उलगडा झाला. ४ म्हणजे महजर, ७ म्हणजे याद, ११ म्हणजे हुंडी, असें सर्व. पण डोळ्यांत भरली ती एकच ओळ. तिचा अर्थ : इसवी बरोबर सुहूर अधिक ५९९. दुसरी अट नाहीं, महिन्याकडे पाहणें नाहीं.

जाणत्या वाचकांस याचा अर्थ लगेच कळेल. सुहूर सन मृगाच्या आरंभीं बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवावयाचे आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६००. महिने तर मुसलमानी चांद्र, ते दर वर्षीं मागें सरकणार. म्हणून कोणता महिना जानेवारीच्या अलीकडे व कोणता पलीकडे हें जंत्रीशिवाय ठरत नाहीं. सूचीकारांच्या प्रोग्रामांत जंत्री नव्हती. त्या ओळीस पानिपतचा दिवस दिला असतां तिनें काय केलें असतें पाहा : सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे सुहूर ११६१, अधिक ५९९ म्हणजे १७६०. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजीं. छापील सूचींतील जानेवारी ते मृग या मुदतींतला प्रत्येक कागद एका वर्षानें मागें गेलेला आहे.

आतां आमची चूक. गलबतांच्या शिधासामग्रीची एक याद या दप्तरांत आहे. छापील सूचींत तिचें साल १७५४ दिलें होतें. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांच्या वतीनें रामाजी महादेव यानें इंग्रजांशीं करार केला तो मार्च १७५५ मध्यें, आणि सुवर्णदुर्ग पडला तो त्याच वर्षीं एप्रिलांत. सूचींतील सालावर भिस्त ठेवून आम्हीं पूर्वीं असें लिहिलें होतें कीं, चौलच्या बाजूस आरमारी तयारी कराराच्या वर्षभर आधींच चालूं होती, अर्थात् इंग्रजांच्या मदतीचा विचार होण्यापूर्वीं पेशव्यांचा एकट्यानें मोहीम करण्याचा बेत असावा. हा तर्क आमच्या एका मित्रानें आपल्या ग्रंथांतही घेतला आहे. त्या यादीचें अस्सल आतां आम्हीं पाहिलें. तारीख छ १० जमादिलावल, सन खमस खमसैन मया व अलफ. सुहूर ११५५, जंत्रीस लावतां फेब्रुवारी १७५५ चा उत्तरार्ध येतो. म्हणजे ती तयारी करारापूर्वीं वर्षभर नव्हे, जेमतेम महिनाभर. बेताविषयींचा आमचा तर्क त्यामुळें निराधार ठरला असून तो आम्ही मागें घेतों. सूचीकारांस बोल लावण्याचें कारण नाहीं. त्यांनीं सुहूर सन व महिना आपल्या नोंदींत बिनचूक लिहून ठेविले होते. अस्सल पाहण्याचा आळस आमचा.

एक गोष्ट येथें नमूद करण्यासारखी आहे. सूचीकारांनीं प्रोग्राम दुभाष्यानें चालवून मूळ लेख चकतीवर राहूं दिला असता, तर ही चूक १९९२ सालींच एखाद्याच्या नजरेस येती. उलट क्लिपर खराखुरा यंत्रभाषेचा कंपायलर असता, तर ती कदाचित् कधींच उघडकीस येती ना. तो धड एक नव्हता व धड दुसराही नव्हता, म्हणून तीस वर्षांनीं कां होईना, हातीं लागली. शास्त्रज्ञांस हा संदिग्धपणा गैरसोयीचा वाटत असेल. आम्हांस तो उपकारक झाला.

अशा चकत्या ज्यांच्याकडे येतील त्यांनीं प्रोग्राम कोणत्या भाषेंत लिहिला एवढेंच विचारून थांबूं नये. तो कशानें चालविला, त्या साधनाची आवृत्ति कोणती, कोणत्या यंत्रावर व कोणत्या कार्डासह, हें हयात माणसांकडून विचारून त्याच दिवशीं कागदावर लिहून ठेवावें. आणि लहानसहान फाईली कितीही निरर्थक दिसल्या तरी गाळूं नयेत. आम्हीं उलटविलेला प्रोग्राम कागदावर छापून, वरील माहितीसह, त्याच दप्तराच्या पहिल्या रुमालांत बांधून ठेविला आहे. सूचींतील प्रत्येक नोंद मोडकांच्या जंत्रीस लावून पाहण्याचें काम चालूं आहे. ज्यांच्याजवळ त्या सूचीची छापील प्रत असेल त्यांनीं तोंपर्यंत तींतील इसवी सनाचा आधार घेऊं नये. आणि ज्यांनीं तो आधीं घेतला असेल त्यांनीं आपापल्या कागदांचे क्रमांक आम्हांस कळवावे, म्हणजे ते आधीं तपासून उत्तर देतां येईल.